कॅलिफोर्नियातलं आफ्रिकन-अमेरिकनांचं योगदान : सहा पॅनेलमध्ये काय मांडाल?

टाकळीकर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना. बे एरियातल्या आमच्या मराठी शाळेला गावच्या सार्वजनिक वाचनालयाने त्या महिन्यासाठी एक भिंत दिली आहे. २४ बाय ३६ इंचांची सहा पॅनेल तिथे बसतात. मजकूर मुलं लिहिणार, मराठीत आणि इंग्रजीत. विषय आहे कॅलिफोर्निया राज्य घडवण्यातला आफ्रिकन-अमेरिकनांचा वाटा. रोझा पार्क्सची अलाबामातली बस मुलांना पाठ आहे, पण ज्या राज्यात राहतो तिथलं काही माहीत नाही, म्हणून हा विषय.

पहिली यादी: विल्यम लिडेसडॉर्फ, जेम्स बेकवर्थ, बिडी मेसन, कर्नल अ‍ॅलन्सवर्थ, पोर्ट शिकागो (बे एरियातला नौदलाचा तळ), ओकलंड.

प्रश्न तीन. या यादीत मोठी चूक कोणती? एका पॅनेलवर किती मजकूर मावतो? आणि 'पहिले कृष्णवर्णीय अमुक' अशी मांडणी चालेल का?

गोदाकाठ

चूक सुरुवातीच्या सालातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोतला व्यापारी लिडेसडॉर्फ १८४१ मध्ये आला. त्याच्या साठ वर्षं आधी, ४ सप्टेंबर १७८१ रोजी, लॉस एंजेलिस वसलं. वसवणारी माणसं ४४ : ११ पुरुष, ११ बायका, २२ मुलं. सिनालोआ आणि सोनोरा भागातून आलेली. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे वंश लिहून ठेवला म्हणून आज कळतं, की ४४ पैकी २६ जणांच्या रक्तात आफ्रिका होती. म्हणजे निम्म्याहून जास्त.

तिथल्या जुन्या प्लाझामध्ये, म्हणजे चौकात, या ४४ जणांची नावं असलेला स्मृतिफलक आहे. तो १९८१ साली, शहराच्या दोनशेव्या वर्षी लागला. त्यामागे मिरियम मॅथ्यूज या ग्रंथपाल बाईंचा पाठपुरावा होता. १९२७ साली लॉस एंजेलिसच्या वाचनालयात लागलेल्या या बाईंनी हयातभर शहरातल्या कृष्णवर्णीयांचे फोटो आणि कागद जमवले. वाचनालयात प्रदर्शन लावताय, तर एका ग्रंथपालाचं नाव त्यात यायलाच हवं.

मेक्सिकन अमलातला शेवटचा गव्हर्नर पिओ पिको हाही मिश्रवंशीय. त्याची आजी १७९० च्या खानेसुमारीत 'मुलाता' म्हणून नोंदली आहे. पिको हाउस ही त्याची १८७० ची तिमजली हॉटेलची इमारत त्याच प्लाझापाशी उभी आहे.

निवांत_वाचक

१७८१ बद्दल गोदाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. सहाची आठ पॅनेल होतात का बघा.

दस्तऐवज

मजकुराचं आधी सांगते, कारण तिथेच सगळ्यांचं बिघडतं.

२४ बाय ३६ इंचांत दोन भाषा ठेवायच्या तर दर भाषेला ९० ते १०० शब्द. त्यापुढे उभ्या माणसाचं वाचन सुटतं. मुख्य मजकूर किमान २४ पॉइंट, चित्राखालची ओळ १८, मथळा ७२ च्या पुढे. देवनागरीला ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. छपाईच्या दुकानात फाइल देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. तसं केलं नाही तर 'कृष्णवर्णीय'मधलं जोडाक्षर फुटून पाय मोडका ष् आणि सुटा ण छापला जातो, आणि दुकानातल्या मुलाला त्यात चूक दिसत नाही.

फोटोंचं गणित: इंचाला ३०० ठिपके धरा. ८ बाय १० इंचांच्या फोटोला २४०० बाय ३००० पिक्सेलची प्रत लागते. नेटवरून उतरवलेला ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो नीट छापला तर जेमतेम दोन इंच भरतो. मोठ्या प्रती 'कॅलिस्फिअर' या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात शोधा आणि प्रत्येक फोटोखालची हक्कांची ओळ वाचा. ओकलंडचं आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय आणि वाचनालय १९०२ च्या कार्नेगी इमारतीत आहे, तिथल्या अभिलेखागाराला आधी लिहून वेळ घ्या. प्रदर्शनाचा कच्चा मजकूरही त्यांना किंवा गावातल्या एखाद्या कृष्णवर्णीय चर्चच्या इतिहास समितीला छापण्याआधी दाखवा. छापल्यावर दाखवणं म्हणजे फक्त आमंत्रण.

जुनी वर्तमानपत्रं कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शनवर फुकट आहेत. तिथे आजचे शब्द टाकलेत तर हाती शून्य येईल. त्या काळातला 'कलर्ड' हा शब्द टाका. नावं तीन-चार तऱ्हांनी शोधा. बेकवर्थ कित्येक कागदांत 'बेकविथ' आहे, त्याने शोधलेली खिंडसुद्धा बराच काळ नकाशावर त्याच नावाने होती.

'पहिला कृष्णवर्णीय' हा प्रकार मी टाळेन. लिडेसडॉर्फचंच घ्या. 'पहिला कृष्णवर्णीय लक्षाधीश' असं जिथे तिथे लिहिलेलं सापडतं. तो मे १८४८ मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर मोठं कर्ज होतं. सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि जमिनीची किंमत चढली ती तो गेल्यावर. शिवाय डॅनिश वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीय म्हणून ओळखला जात नव्हता. त्याने नक्की काय केलं ते सांगा: १८४७ मध्ये उपसागरात पहिली वाफेची बोट आणली, सिटी हॉटेल बांधलं, गावाची पहिली सार्वजनिक शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. हे 'पहिला'पेक्षा जास्त भरीव आहे.

घाटवाट

बेकवर्थ ठेवाच, आणि नकाशासकट ठेवा.

आई गुलाम, बाप गोरा मालक, जन्म व्हर्जिनियात १८०० च्या आसपास. १८५० मध्ये त्याने सिएरा नेवाडाच्या उत्तरेला ही खिंड हेरली. उंची ५,२२१ फूट. डॉनर खिंड सात हजारांच्या वर आहे. पंधरा-वीस मण सामान भरलेली बैलगाडी ओढणाऱ्या जनावरांना हा दोन हजार फुटांचा फरक म्हणजे काय, हे सह्याद्रीतला घाट चढलेल्याला वेगळं सांगायला नको. बर्फही इथे कमी पडतं. आजच्या रीनोपासून निघून खिंड, सिएरा व्हॅली आणि मग फेदर नदीच्या वरच्या डोंगरधारेने बिडवेल्स बार आणि मेरीजव्हिल, असा गाडीरस्ता त्याने आखला आणि स्वतःचे पैसे घालून मोकळा केला.

१८५१ मध्ये पहिला तांडा त्याने या वाटेने आणला. त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती, तिला त्याने स्वतःच्या घोड्यावर पुढ्यात बसवून खिंड पार केली. ती आयना कूलब्रिथ, पुढे कॅलिफोर्नियाची पहिली राजकवी. मेरीजव्हिलच्या व्यापाऱ्यांनी रस्त्याचे पैसे द्यायचं कबूल केलं होतं. तांडा पोचला आणि त्याच सुमारास गाव आगीत जळालं. पैसे कधीच मिळाले नाहीत. गावाने नदीकाठच्या बागेला त्याचं नाव दिलं ते १९९६ मध्ये, म्हणजे १४५ वर्षांनी.

प्रत्यक्ष जायचं तर रीनोहून ३९५ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला हॅलेलुया जंक्शन, तिथून ७० नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला काही मैलांवर खिंड. राज्याचा ऐतिहासिक स्थळ क्रमांक ३३६. खिंड इतकी सपाट आहे की पाटी दिसली नाही तर आपण ओलांडली हेही कळत नाही. आणि तीच तर तिची थोरवी आहे.

एक सावधगिरी: १८५६ मध्ये छापलेल्या त्याच्या आठवणी त्याने तोंडी सांगितलेल्या आणि दुसऱ्याने लिहिलेल्या आहेत. लढायांतले आकडे त्यातून घेऊ नका. रस्ता मात्र जमिनीवर आहे, तो तपासता येतो.

कलम_बहाद्दर

गुलामीतून सुटलेल्या बिडी मेसनच्या पॅनेलवर एक कायदा यायलाच हवा. तो नसेल तर तिची गोष्ट 'दयाळू न्यायाधीशाने सोडवलं' एवढीच उरते.

१८४९ च्या राज्यघटनेने कॅलिफोर्नियात गुलामगिरीला मनाई केली. पण १८५० च्या कायद्याने कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती, आणि १८५२ च्या कायद्याने राज्य होण्यापूर्वी आणलेल्या गुलामांना परत पकडून नेण्याची मालकांना मोकळीक मिळाली. तो कायदा दोनदा वाढवून १८५५ पर्यंत चालला. कागदावर मुक्त राज्य, आणि प्रत्यक्षात हे.

मेसन मिसिसिपीहून युटापर्यंत मालकाच्या गाड्यांमागे गुरं हाकत पायी आली आणि १८५१ मध्ये सॅन बर्नार्डिनोला पोचली. १८५५ च्या शेवटी मालक रॉबर्ट स्मिथ सगळ्यांना टेक्सासला न्यायला निघाला. लॉस एंजेलिसमधले घोड्यांच्या तबेल्याचे मालक रॉबर्ट ओवेन्स आणि त्यांच्या माणसांनी शेरिफला गाठलं. न्यायालयात मात्र मेसनला तोंड उघडायची परवानगी नव्हती. न्यायाधीश बेंजामिन हेज यांनी तिला आपल्या दालनात बोलावून विचारलं, तेव्हा तिचं म्हणणं नोंदलं गेलं. जानेवारी १८५६ मध्ये ती, तिच्या मुली आणि हॅना नावाच्या बाईचं कुटुंब असे १४ जण मुक्त झाले.

याच साक्षबंदीविरुद्ध नोव्हेंबर १८५५ मध्ये सॅक्रामेंटोच्या एका आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्चमध्ये राज्यभरातले कृष्णवर्णीय प्रतिनिधी जमले. पुन्हा १८५६ ला, पुन्हा १८५७ ला. गावोगाव सह्यांचे अर्ज, स्वतःचं वर्तमानपत्र, विधिमंडळात खेटे. कृष्णवर्णीयांवरची बंदी १८६३ मध्ये उठली. चिनी लोकांवरची तेव्हाही राहिली. योगदान म्हणून विचाराल तर मी हे सगळ्यात वर ठेवीन. राज्याची न्यायालयं त्यांनी सुधारली.

सुगरण_७०

कलम_बहाद्दर, मुद्दा पटला पण बारा वर्षांच्या मुलाला तीन कायद्यांची साल सांगून पॅनेल भरलं तर पुढे कोण थांबेल? मेसन सुईण होती, तिथून सुरू करा ना. तिने शेकडो बाळंतपणं केली. साथीत तुरुंगातल्या लोकांची शुश्रूषा केली. रोजंदारीतून साठवलेल्या २५० डॉलर्सना १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर जमीन घेतली. १८७२ मध्ये शहरातलं पहिलं आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्च तिच्याच घरात सुरू झालं.

दस्तऐवज

दोघांचंही साधतं. डाउनटाउन लॉस एंजेलिसमध्ये तिच्या घराच्या जागी १९८९ मध्ये केलेली भिंत बघा. शीला दे ब्रेटव्हिल या कलाकाराची ही काँक्रीटची भिंत सुमारे ८० फूट लांब आहे आणि मेसनचं आयुष्य दशकादशकाने पुढे सरकतं. काँक्रीट ओलं असताना त्यात वस्तूंचे ठसे घेतले आहेत: गाडीचं चाक, सुईणीची पिशवी, कात्री, दोऱ्याचं रीळ. मुक्ततेचा कागदही भिंतीत आहे. मुलं चाकावर हात फिरवतात, आणि मग कागद वाचतात.

लक्षात घ्या, घर कधीच पाडलं गेलं होतं, तिथे गाड्या उभ्या राहायच्या. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत वास्तू घालायची तर तिची अखंडता सात कसोट्यांवर बघतात: स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भावना आणि इतिहासाशी नातं. कृष्णवर्णीय वस्त्या या कसोट्यांवर पहिल्या फेरीतच गळतात, कारण त्यांच्यावरूनच महामार्ग गेले. वेस्ट ओकलंडमधून सायप्रस फ्रीवे गेला, लॉस एंजेलिसच्या शुगर हिलमधून सांता मोनिका फ्रीवे. सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर पुनर्विकासात साफ झालं. शिवाय खासगी मालकाने हरकत घेतली तर नोंद होतच नाही. म्हणून या भिंतीसारखी कामं मोलाची. वास्तू उरली नसेल तरी जागा उरते.

मेसनची कबर एव्हरग्रीन दफनभूमीत १८९१ पासून ९७ वर्षं नावाशिवाय होती. १९८८ मध्ये दगड बसला.

कलम_बहाद्दर

सुईणीच्या पिशवीपासून सुरुवात, मान्य. कायदा एकाच वाक्यात: 'तिला गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात बोलायला बंदी होती.' साल नको.

अजून एक दुरुस्ती, कुणी मेरी एलन प्लेझंटचं पॅनेल सुचवण्याआधी. सॅन फ्रान्सिस्कोच्या घोडा-ट्रामवाल्यांनी तिला चढू दिलं नाही म्हणून १८६६ मध्ये तिने दावा लावला. खालच्या न्यायालयात ज्यूरीने ५०० डॉलर भरपाई दिली, पण १८६८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. 'ती खटला जिंकली' असं सरसकट लिहू नका. तिच्याही आधी, १८६३ मध्ये, शार्लट ब्राउनने तसाच दावा लावला होता. ऑक्टेव्हिया आणि बुश रस्त्यांच्या कोपऱ्यावर प्लेझंटने लावलेले निलगिरीचे वृक्ष आहेत, तिच्या नावाची पाटीही.

समुद्रकाठ

यादीत ब्रूस बीच नाही हे खटकलं.

विला आणि चार्ल्स ब्रूस. १९१२ मध्ये विलाबाईंनी मॅनहॅटन बीचला समुद्रालगतचा प्लॉट १,२२५ डॉलर्सना घेतला. तिथे खानावळ, नाचघर, पोहण्याचे कपडे भाड्याने. दक्षिण कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय कुटुंबाला समुद्रावर दिवस घालवता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शेजारच्यांनी किनाऱ्याची वाट अडवली, दहा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करू नये अशा पाट्या लावल्या. तरी गिऱ्हाईक हटेना, तेव्हा १९२४ मध्ये नगराच्या विश्वस्त मंडळाने बाग करायच्या नावाखाली सक्तीच्या भूसंपादनाची कारवाई सुरू केली. ब्रूस यांनी १,२०,००० डॉलर मागितले, मिळाले १४,५००. नंतर जमीन अनेक दशकं तशीच मोकळी पडली होती.

परत कशी मिळाली तेही लिहा, त्यात शिकण्यासारखं आहे. जमीन नगराकडून राज्याकडे आणि १९९५ मध्ये राज्याकडून लॉस एंजेलिस काउंटीकडे गेली होती, पण हस्तांतरात वापराच्या आणि पुढे देण्याच्या अटी होत्या. काउंटीला मनात असूनही देता येईना. आधी राज्याचा कायदा लागला, तो ३० सप्टेंबर २०२१ ला सही झाला. मग काउंटीने कायदेशीर वारस ठरवले, आणि जुलै २०२२ मध्ये खरेदीखत वारसांच्या हाती आलं. काउंटीने ती जागा वर्षाला ४,१३,००० डॉलर भाड्याने परत घेतली आणि २०२३ मध्ये वारसांनी ती २ कोटी डॉलर्सना काउंटीला विकली.

निवांत_वाचक

समुद्रकाठ, माहिती उत्तम आहे. पण हा अन्याय झाला. प्रदर्शनाचा विषय योगदान आहे ना?

समुद्रकाठ

बारा-पंधरा वर्षं चालवलेला धंदा हे योगदानच आहे. ते थांबवलं गेलं, एवढंच. योगदान आणि अन्याय वेगळे काढायला गेलात तर तुमच्या यादीतलं एकही नाव टिकणार नाही. बेकवर्थचे पैसे बुडाले, मेसनला बोलता आलं नाही, अ‍ॅलन्सवर्थचं पाणी तोडलं.

पाणपोई

अ‍ॅलन्सवर्थचं पाणी 'तोडलं' असं नाही, कबूल केलेलं दिलंच नाही. तपशील महत्त्वाचा आहे.

अ‍ॅलन अ‍ॅलन्सवर्थ केंटकीत १८४२ साली गुलामीत जन्मले, २४ व्या पायदळाचे धर्मगुरू म्हणून लेफ्टनंट कर्नल हुद्द्यावर १९०६ मध्ये निवृत्त झाले. १९०८ मध्ये टुलेअरी काउंटीत त्यांनी आणि साथीदारांनी कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवायचं गाव वसवलं. शाळा १९१२ ची, वाचनालय १९१३ चं. कर्नलसाहेबांच्या पत्नी जोसेफीन यांनी वाचनालयासाठी पुढाकार घेतला आणि त्याला आपल्या आईचं, मेरी डिकिन्सन यांचं नाव दिलं. १९१४ मध्ये गावाने ऑस्कर ओव्हर यांना न्यायदंडाधिकारी म्हणून निवडून दिलं.

गाव का खचलं? तीन घाव जवळजवळ एकदम बसले. जमीन विकणाऱ्या कंपनीने पुरेशा पाण्याचं वचन दिलं होतं, लोकसंख्या वाढल्यावर विहिरी पुरेनात आणि कंपनीने नव्या खोदल्या नाहीत. १९१४ मध्ये सांता फे रेल्वेने अल्पॉ गावाला फाटा काढला आणि धान्य-गुरांची चढउतार तिकडे गेली. आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला मोनरोव्हियात रस्ता ओलांडताना मोटारसायकलच्या धडकेने कर्नल गेले. त्यांनी धरलेली तंत्रशाळेची योजनाही विधिमंडळात बारगळली. १९६६ मध्ये पाण्यात आर्सेनिक सापडलं तेव्हा उरलेलं गावही उठायच्या बेतात होतं. लहानपणी तिथे राहिलेले कॉर्नेलियस पोप राज्याच्या उद्यान खात्यात आराखडे काढायचे, त्यांनी हे गाव जतन करायचा प्रस्ताव मांडला. १९७६ मध्ये राज्य ऐतिहासिक उद्यान झालं.

मुलांना न्यायचं असेल तर: हायवे ४३, वास्कोच्या उत्तरेला साधारण २० मैल. गावात दुकान नाही, पाणी आणि जेवण सोबत. उन्हाळ्यात पारा १०० फॅरेनहाइटच्या वर. फेब्रुवारीत सकाळी दाट 'टुली' धुकं असतं, शेजारची गाडी दिसत नाही, त्यामुळे दहाच्या आधी त्या रस्त्यावर जाऊ नका. इमारती आतून बघायच्या तर उद्यानाला आधी कळवून मार्गदर्शक मागा, नाहीतर खिडकीतून बघून परत यावं लागतं. कार्यक्रमाच्या दिवशी 'गोल्ड रनर' (पूर्वीची सॅन वाकीन) आगगाडी तिथे थांबते, ऑक्टोबरमधला वार्षिक मेळा त्यासाठी उत्तम.

खलाशी

पोर्ट शिकागोसाठी फक्त कामाची माहिती.

१७ जुलै १९४४, रात्री १० वाजून १८ मिनिटं. दारूगोळा भरत असलेली जहाजं उडाली. ३२० मृत, त्यातले २०२ कृष्णवर्णीय. माल चढवणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, हुकूम देणारे सगळे गोरे. बाँब हाताळायचं शिक्षण नव्हतं. तासाला दर हॅचमागे (जहाजात माल उतरवायच्या तोंडामागे) दहा टन हे लक्ष्य फळ्यावर लिहिलेलं असे आणि अधिकारी तुकड्यांच्या वेगावर पैजा लावत. ऑगस्टमध्ये २५८ जणांनी त्याच परिस्थितीत पुन्हा माल चढवायला नकार दिला. ५० जणांवर बंडाचा आरोप ठेवून शिक्षा झाली. नौदलाने नकार देणाऱ्यांपैकी २५६ जणांना निर्दोष ठरवलं ते १७ जुलै २०२४ ला, बरोबर ८० वर्षांनी.

स्मारक चालू लष्करी तळाच्या आत आहे. किमान दोन आठवडे आधी नोंदणी, ओळखपत्राची तपासणी, आत जायला राष्ट्रीय उद्यान सेवेचीच गाडी. नोंदणीत नागरिकत्वाची माहिती विचारतात, तेव्हा व्हिसावर असलेल्या पालकांनी अर्जाआधी अटी वाचाव्यात.

पॅनेलवर 'बंड' हा शब्द नको. 'नकार' लिहा.

गोदाकाठ

शब्दांवरून: 'निग्रो' आणि 'हबशी' जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहेत, मुलांच्या मजकुरात नकोत. 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन-अमेरिकन' चालेल. पिको आणि १७८१ च्या मंडळींना 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणू नका, तेव्हा तिथे अमेरिका नव्हतीच. 'आफ्रिकी वंशाचे' म्हणा.

जागांची नावंही पाहण्यासारखी आहेत. फॉल्समजवळ अमेरिकन नदीकाठी १८४९ मध्ये कृष्णवर्णीय खाणकामगारांना सोनं सापडलं, त्या जागेला आधी शिवी होती, मग 'निग्रो बार', आणि २०२२ मध्ये 'ब्लॅक मायनर्स बार' झालं. सांता मोनिका डोंगररांगेतल्या २,०३१ फुटी शिखराचं २००९ मध्ये 'बॅलर्ड माउंटन' झालं. जॉन बॅलर्ड हे लोहार, गुलामीतून आलेले, तिथे घर करून राहिले म्हणून शिखराला लोक वंशवाचक नावाने ओळखायचे. माणूस नकाशावर होता, फक्त नावाशिवाय.

इंद्रायणी

आपल्याकडचा धागा कुणी काढला नाही. जोतीरावांनी १८७३ चा 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, गुलामांना मुक्त केलं म्हणून. ते पहिल्या पॅनेलवर घ्या.

कलम_बहाद्दर

इंद्रायणी, ती अर्पणपत्रिका मोलाची आहे, पण ती मुक्त करणाऱ्यांना उद्देशून आहे आणि कॅलिफोर्नियाचा तिच्यात उल्लेख नाही. सरळ नातं ओकलंडचं आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तिथे ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. ओकलंडच्या पॅनेलवर हे एक वाक्य हक्काने बसतं.

त्याच पॅनेलवर रेल्वेही हवी. वेस्ट ओकलंड हे आगगाडीचं शेवटचं ठाणं, म्हणून पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतले कृष्णवर्णीय सेवक तिथे राहायला आले. त्यांच्या संघटनेने १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. ओकलंडचे संघटक सी. एल. डेलम्स यांचा पुतळा जॅक लंडन चौकातल्या स्टेशनवर आहे आणि स्टेशनला नावही त्यांचंच.

घाटवाट

सेकोया उद्यानाचे चार्ल्स यंग राहिले. १९०३ मध्ये कॅप्टन यंग आणि त्यांच्या घोडदळाने एका उन्हाळ्यात जायंट फॉरेस्टपर्यंत गाडीरस्ता पुरा केला. त्याआधी ती झाडं बघायला गाडीने जाता येत नसे. लोकांनी एका झाडाला त्यांचं नाव द्यायचं म्हटलं तर ते म्हणाले, वीस वर्षांनी वाटलं तर बघा, आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव सुचवलं. यंग यांच्या नावाचं झाड २००४ मध्ये झालं.

जागेचा तोडगा: सहाही पॅनेलच्या तळाला चार इंचांची एक सलग पट्टी काढा. तिच्यावर १७८१ पासून कालरेषा. पिको, लिडेसडॉर्फ, बॅलर्ड, यंग तिथे एकेका ओळीत येतील. पट्टी जुळायची तर छपाईला चारही बाजूंनी पाव इंच जास्तीचा रंग ठेवा, आणि पॅनेलचे मध्य जमिनीपासून ५४ इंचांवर एका दोरीत लावा.

टाकळीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी ठरली, मिरियम मॅथ्यूज तिच्यावर १९८१ ला. पॅनेल आता अशी: बेकवर्थ, मेसन, अ‍ॅलन्सवर्थ, ब्रूस, पोर्ट शिकागो, ओकलंड. लिडेसडॉर्फ पट्टीवर. कच्चा मजकूर ओकलंडच्या अभिलेखागाराला पाठवतोय.

ब्रूस पॅनेलचा मुलांनी केलेला मसुदा तपासाल का?

'विला आणि चार्ल्स ब्रूस यांनी १९१२ मध्ये मॅनहॅटन बीचला जमीन घेऊन कृष्णवर्णीयांसाठी समुद्रकाठी विश्रामगृह सुरू केले. १९२४ मध्ये बागेसाठी त्यांची जमीन ताब्यात घेण्यात आली. त्यांना अत्यल्प मोबदला देण्यात आला. २०२२ मध्ये जमीन परत करण्यात आली.'

दस्तऐवज

'घेण्यात आली', 'देण्यात आला', 'करण्यात आली'. चार वाक्यांतल्या तीन वाक्यांना कर्ताच नाही. मराठी सरकारी भाषेची ही सवय मुलांना आपणच लावतो. २००७ मध्ये तिथे लावलेल्या पाटीची तक्रारही हीच होती, की तिच्यातून कोणी काय केलं ते उमगत नव्हतं, आणि २०२३ मध्ये नवी पाटी बसवावी लागली. जमीन घेतली विलाबाईंनी, खरेदी त्यांच्या नावाची आहे. बाकी असं करा:

'१९१२ मध्ये विला ब्रूस यांनी १,२२५ डॉलर्सना समुद्रालगत जमीन घेतली. पती चार्ल्ससह त्यांनी तिथे खानावळ आणि नाचघर चालवले. १९२४ मध्ये मॅनहॅटन बीचच्या विश्वस्त मंडळाने बागेचे कारण सांगून जमीन काढून घ्यायला सुरुवात केली. ब्रूस यांनी १,२०,००० डॉलर मागितले, मंडळाकडून १४,५०० मिळाले. २०२२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने जमीन त्यांच्या वारसांना परत दिली.'

समुद्रकाठ

मजकूर चोख झाला. नकाशाकडेही बघा. आज 'ब्रूस बीच' नावाची हिरवळीची बाग चढावर वर आहे, ती त्याच कारवाईत घेतलेल्या इतर प्लॉटवर आहे. ब्रूस यांचे दोन प्लॉट खाली, किनाऱ्यालगत, जिथे जीवरक्षकांची इमारत आहे. बहुतेक जण बाण बागेवर काढतात.

टाकळीकर

आम्हीही बागेवरच काढला होता. बाण खाली इमारतीवर आणला, आणि 'घेण्यात आली' बाकीच्या पाच पॅनेलमध्ये शोधायला मुलं बसली आहेत. पोर्ट शिकागोमध्ये आत्तापर्यंत चार सापडली.